माया सोळा

ती गेली हे मला सगळ्यात शेवटी कळलं.

मी एका नऊ मजली इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा होतो, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, रुळांना तेल लावत. फोन खाली वॉचमनच्या टेबलावर, कोटाच्या खिशात. काम करताना फोन जवळ ठेवायचा नाही हा माझाच नियम. वॉचमननं चौथ्या मजल्याचं दार उघडून खाली वाकून हाक मारली, "मिस्त्री, वर या. तुमचा फोन थांबायलाच तयार नाही."

"बायको असेल," मी म्हणालो. "डबा विसरलो म्हणून ओरडायला."

तो हसला नाही. त्यानं फोन उचलला होता, हे मला नंतर कळलं. मला वर घ्यायला त्यानं हात पुढे केला. अकरा वर्षांत त्यानं मला कधी हात दिला नव्हता. तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्याच्या हाताला तेल लागू नये म्हणून मी आधी माझे हात पुसत बसलो.

ही तिच्या शिवणाच्या दुकानातच गेली. मशीनवर बसल्या बसल्या, एका पडद्याची खालची पट्टी शिवताना. एक गिऱ्हाईक आत आलं, त्यानं पाहिलं. सुई कापडात खाली रुतलेली होती. काम अर्धवट सोडून उठायचं असलं की ही सुई नेहमी खालीच ठेवायची, कापड जागचं हलू नये म्हणून. म्हणजे उठून परत येण्याचा तिचा विचार होता, असं मी धरून चालतो.

चाळीस वर्षं मी तिचं नाव घेतलं नाही. लोकांपुढे 'ही' आणि घरात 'अगं'. इथंही तसंच लिहितो. आणि पुढचं सगळंच काही माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं नाही. काही मला थोरल्यानं सांगितलं, काही धाकट्या सुनेनं, काही अक्कानं. ज्यानं जसं सांगितलं तसं लिहितो. चुकलं असेल तर त्यांनी सुधारावं.

*

पाच आठवड्यांनी, आठ तारखेच्या रविवारी, आम्ही सगळे दुकानात जमलो. महिनाअखेरीला जागा मोकळी करून द्यायची होती.

सगळे म्हणजे पाच जण. धाकटा मुलगा बोटीवर इंजिनात असतो, तो नव्हता. थोरला होता. तो शाळेचा मुख्याध्यापक आहे, आणि ही त्याला घरातही हेडमास्तरच म्हणायची. त्याची बायको होती, हातात यादी घेऊन. धाकट्याची बायको होती. ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या समारंभात गाणी लावते. बसल्या जागी तिची बोटं काही ना काही वाजवत असतात, म्हणून हिनं तिचं नाव ठेवलं होतं टकटक. आणि अक्का, माझी मोठी बहीण.

अक्का येईल असं मला वाटलं नव्हतं. दोन वर्षांत तिनं दुकानाची पायरी चढली नव्हती.

त्याआधी एकतीस वर्षं ती रोज आली. दोघींची मशीनं एकाच भिंतीला लागून, दोन्ही पायाची. दोघींचे पाय असे एका चालीत पडायचे की रस्त्यावरून ऐकणाऱ्याला आत एकच मशीन चालू आहे असं वाटायचं. मग हिचा गुडघा दुखायला लागला आणि हिनं मोटारीचं मशीन घेतलं. ते पळायला लागलं. महिनाभरानं अक्का म्हणाली, "तुझं मशीन माझ्या पुढं पळतं. मला धाप लागते." ही म्हणाली, "मग तुम्हीही मोटार बसवा ना, अक्का." एवढंच झालं. त्यात भांडण कुठं होतं ते मला अजून सापडलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अक्का आली नाही, आणि हिनं तिचं मशीन झाकून ठेवलं, हलवलं नाही. घरच्या कार्यात भेटायच्या. "बऱ्या आहात ना?" "बरी आहे. तू?" संपलं.

तर त्या रविवारी अक्का आली, कुणाशी न बोलता आपल्या जुन्या स्टुलावर बसली, आणि बटणांचा डबा मांडीवर घेऊन बटणं निवडायला लागली.

"आत्या, ती सगळी टाकायची आहेत," थोरला म्हणाला.

"मग मी टाकायचीच निवडतेय," अक्का म्हणाली.

मापांच्या वह्या कपाटात होत्या. थोरली सून त्या खोक्यात भरत होती. सगळ्यात वरची वही चालू वर्षाची. तिनं सहज उघडली, आणि शेवटचं लिहिलेलं पान बघून थांबली.

"अहो, ही कामं द्यायची राहिलीत."

थोरल्यानं वही घेतली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'द्यायचं: २७, संध्याकाळी पाच.' खाली बारा ओळी. त्यानं खाकरून हजेरी घ्यावी तसं वाचायला सुरुवात केली.

"एक. रडवी. शहाण्णव. माया सोळा."

"शहाण्णव काय?" मी विचारलं.

"इंच असणार."

"शहाण्णव इंच?" थोरली सून म्हणाली. "अहो, ती बाई दारातून आत कशी आली?"

"सेंटिमीटर असतील मग."

"तिनं जन्मात सेंटिमीटर वापरला नाही," अक्का बटणांमधून डोकं वर न करता म्हणाली. "टेपाची ती बाजू नुसती शोभेला असते असंच ती समजायची."

"दोन. झाडूवाली. एकशे चार. माया आठ. गळा उशिरा."

"गळा उशिरा म्हणजे?"

"गळा शेवटीच कापतात," अक्का म्हणाली. "पण ते लिहून कशाला ठेवायचं? ती काय विसरणार होती?"

"नऊ. हट्टी. एकशे अठरा. खालून कापायचं, मग हळूहळू सोडायचं." थोरल्यानं चष्मा काढला. "आता खालून कापल्यावर सोडणार काय?"

माया काय ते आमच्या घरात सांगायला लागत नाही, पण इथं सांगतो. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढं अंग भरलं तर शिवण उसवून कपडा मोठा करता यावा म्हणून. हिची माया गिऱ्हाइकांत प्रसिद्ध होती. दुसरे अर्धा इंच सोडायचे तिथं ही एक सोडायची. पण सोळा?

"सोळा आत घेतल्यावर कपडा राहिला कुठं?" अक्का म्हणाली. आता तिनं डबा खाली ठेवला होता.

थोरल्यानं मग नेहमीसारखा ताबा घेतला. दारावर चिठ्ठी लावून आम्ही ज्याचं कापड त्याला परत दिलं होतं, त्यात ही बारा माणसं आली नव्हती. म्हणजे बारा कापडं कुठंतरी आहेत. ती शोधायची, आणि बायका कोण ते शोधायचं. त्यानं कामं वाटून दिली. थोरलीनं माळा बघायचा, धाकटीनं कपाटामागं, मी शेजारच्या दुकानदारांना विचारायचं की इथं रडवी म्हणून कुणाला म्हणतात.

मी खरोखर निघालो. हसू नका. मला एकच गोष्ट दिसत होती. शिंपी आणि तारीख यांचं जमत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. हिचं जमायचं. चाळीस वर्षांत हिनं एक तारीख चुकवली नाही. बाळंतपणातसुद्धा चुकवली नाही. आणि आता ती नाही म्हणून बारा जणींना तिनं दिलेली तारीख चुकणार होती. बाकी कशाचंही काहीही होवो, तिचं शेवटचं काम सत्तावीस तारखेला पोचलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी दारात चप्पल घालत असताना टकटक म्हणाली, "बाबा, थांबा."

*

टकटक कपाटाला टेकून उभी होती. थोरला पहिली ओळ वाचत होता तेव्हाच तिची बोटं थांबली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं शब्द दिला होता. सत्तावीस तारखेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हेडमास्तरला तर मुळीच नाही. शब्द घेणारं माणूस गेल्यावर शब्दाचं काय करायचं, हे तिला पाच आठवडे कळत नव्हतं.

त्यातून थोरल्यासमोर बोलायचं. वर्षापूर्वी सगळे जेवत असताना थोरला म्हणाला होता, "गाणी लावणं हे काय काम झालं? एक बटण दाबायचं. ते आमचा शिपाईपण दाबतो." सगळे हसले होते. मीही हसलो होतो. ही गप्प बसून वाढत होती, आणि टकटकला सगळ्यात जास्त तेच लागलं होतं. आई काहीच बोलल्या नाहीत, हे.

आठवड्यानं ही तिच्या दारात उभी राहिली. चपला काढायच्या आधी म्हणाली, "तो म्हणतो एक बटण असतं. मला दाखव बरं ते बटण."

हे सगळं टकटकनं आम्हाला दुकानात उभ्या उभ्या सांगितलं, वहीकडे बघत.

"ती बायकांची मापं नाहीत, दादा. ती गाणी आहेत. शहाण्णव म्हणजे मिनिटाला शहाण्णव ठोके. आईंना गाण्यांची नावं लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. रडवी म्हणजे ज्यात ती बाई रडत रडत गाते. झाडूवाली म्हणजे ज्यावर त्या सकाळी दुकान झाडायच्या. गळा उशिरा म्हणजे गाणारीचा आवाज उशिरा सुरू होतो, तोवर नुसतं वाजत राहतं. तिथंच जोड घालायला सोपं जातं."

थोरल्यानं चष्मा पुन्हा लावला आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"खालून कापायचं म्हणजे खर्ज कमी करायचा. दोन गाणी एकदम चालू असताना दोघांचा खर्ज सोबत वाजू दिला की नुसती घरघर होते. म्हणून येणाऱ्याचा खालून कापायचा, आणि पहिलं गेलं की हळूहळू सोडायचा."

"आणि माया?" अक्कानं विचारलं.

"माया म्हणजे दोन्ही गाणी मिळून किती ठोके चालू ठेवायची ते. मी त्यांना सांगितलं, एक संपवून दुसरं लावलं तर मध्ये भोक पडतं. जाणाऱ्याचा थोडा भाग येणाऱ्याच्या आत राहिला पाहिजे. त्या म्हणाल्या, 'मग माया म्हण की सरळ. एवढं गोल गोल काय सांगतेस?'"

अक्का हसली. पाच आठवड्यांत घरात कुणी पहिल्यांदा हसलं असेल.

मला मात्र वेगळंच आठवत होतं. जवळजवळ वर्षभर ही दर बुधवारी दुपारी दुकान बंद करून धाकटीकडे जायची. मी विचारलं तर म्हणायची, "तिच्याकडच्या मिक्सरचं काम आहे." मला वाटलं स्वयंपाकघरातला मिक्सर. मी दोनदा म्हणालो, आणून दे, मी दुरुस्त करतो. ती म्हणाली, "तुम्हाला नाही जमायचं ते." मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो, आणि मला मिक्सर जमायचा नाही! मी तीन दिवस रुसलो होतो.

"पण कुणासाठी?" थोरल्यानं विचारलं. त्याचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "सत्तावीसला काय आहे?"

टकटकनं अक्काकडे पाहिलं. अक्कानं खाली पाहिलं. सत्तावीसला अक्काला सत्तर वर्षं पूर्ण होणार होती. आम्ही सगळे विसरलो होतो. थोरल्यानं पहिल्यांदा तारीख वाचली तेव्हापासून अक्काला ती टोचत होती, पण आपला वाढदिवस आपण कसा सांगायचा, म्हणून ती गप्प होती.

"तुमच्या घराखालच्या अंगणात येऊन लावणार होत्या," टकटक म्हणाली. "मी म्हटलं, आधी आत्याबाईंना फोन करा. त्या म्हणाल्या, 'फोनवर मला सुचत नाही. आणि त्यांना नाचायला आवडायचं. आम्ही दोघी दुकान बंद करून नाचायचो, कुणाला ठाऊक नाही.'"

मला ठाऊक नव्हतं. अक्काचे कान लाल झाले.

"एकदा काय झालं," टकटक म्हणाली, "मी त्यांना वेगाची पट्टी दाखवली. म्हटलं, दोन गाण्यांचा वेग वेगळा असला तर ही सरकवायची, मग दोन्ही एका चालीत येतात. त्यांनी विचारलं, 'म्हणजे पळणाऱ्याला हळू करता येतं?' म्हटलं, हो. बराच वेळ ती पट्टी नुसती वरखाली करत बसल्या. मग म्हणाल्या, 'मोटारीला असली पट्टी का नसते गं?'"

अक्का उठली. तिनं थोरल्याच्या हातातून वही घेतली. शिवणकाम करणारं माणूस माप वाचलं की पान उलटून मागंही बघतं, कारण बाह्यांचं माप बऱ्याचदा मागं लिहिलेलं असतं. आमच्यापैकी कुणी उलटलं नव्हतं. मागच्या पानावर एकच ओळ होती.

'तेरा. अक्का.' पुढं आकड्याची जागा मोकळी. मग 'माया', आणि पुढं तीही जागा मोकळी.

"माझं मापच घेतलं नाही तिनं," अक्का म्हणाली.

"तेराव्याचं मला काही सांगितलं नाही त्यांनी," टकटक म्हणाली. "म्हणायच्या, ते घरचं आहे, ते मी बघते."

अक्का पुन्हा पुढच्या पानावर गेली. तिचं बोट शेवटच्या चार आकड्यांवरून खाली आलं. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे सहा. शंभर.

"हे उतरतंय का?"

"तेच तर!" टकटक म्हणाली. "त्यावरून आमचं भांडण झालं होतं. नाचायचं असलं की शेवटी वेग चढवतात, उतरवत नाहीत. त्या ऐकेचनात. म्हणाल्या, 'ज्याला चढायचं त्यानं चढावं. मला खाली यायचंय.'"

अक्का आपल्या मशीनकडे गेली. त्यावरचं कापड काढलं, घडी केली, बाजूला ठेवली. स्टूल ओढून बसली. पाय ठेवला, पण चाक फिरेना. पट्टा सैल पडला होता. मी गुडघ्यावर बसून पट्टा ओढून घट्ट केला, तारेची कडी दाबली. तिनं हातानं चाकाला धक्का दिला आणि पाय चालवायला सुरुवात केली. कापड नाही, दोरा नाही. नुसतं मशीन.

ती काय मनात आणत होती ते तिनं नंतर सांगितलं. काहीच मनात नव्हतं, म्हणाली. पायाला आपोआप शेजारचं मशीन ऐकू येत होतं.

टकटकची बोटं टेबलावर चालू झाली. घड्याळाकडे बघत तिनं पूर्ण मिनिट मोजलं.

"चौऱ्याण्णव," ती म्हणाली.

एकशे अठरा, एकशे बारा, एकशे सहा, शंभर. थोरला गणिताचा मास्तर होता आधी. त्यानं तोंड फिरवलं आणि माळ्यावरचं खोकं काढायचं निमित्त करून शिडीवर चढून बसला.

"मग लिहिलं का नाही तिनं?" त्याची बायको हळूच म्हणाली. "ठाऊक होतं तर."

"माप माणूस समोर उभं करून घ्यायचं असतं," अक्का म्हणाली. "अंदाजानं लिहायचं नाही. मीच शिकवलंय तिला ते."

मी पेन्सिल घेतली आणि मोकळ्या जागेत चौऱ्याण्णव लिहिलं.

*

आईनं वाजवलेलं काही भरून ठेवलंय का, असं थोरल्यानं धाकटीला विचारलं. नव्हतं. अर्धवट कपडा गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत, म्हणून हिनं रेकॉर्ड करू दिलं नव्हतं.

"मग सत्तावीसला तू लाव," थोरला म्हणाला. "वही आहेच." हे त्यानं ज्या सुरात म्हटलं, त्यात एक वर्षापूर्वीच्या जेवणाची माफी होती. टकटकनं ती घेतली. मला ते दिसलं.

"लावते," ती म्हणाली.

"नको," मी म्हणालो. "मला शिकव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकोणीस दिवस होते. माझं वय अडुसष्ट, उजवा कान लिफ्टच्या मशीनरूमच्या आवाजानं अर्धा गेलेला. पण हिचं काम पोचवायचं तर ते माझ्या हातानं, असं मला वाटलं. जास्त काही सांगता येणार नाही.

काम आटपून मी चार वाजता दुकानात यायचो, टकटक दवाखान्यातून यायची. कापायच्या टेबलावर तिनं आपला मिक्सर, म्हणजे गाणी जोडायचं यंत्र, मांडलं. दोन चकत्या, प्रत्येकीला एक आवाजाची पट्टी, एक वेगाची, आणि मध्ये आडवी एक. वेगाचा आकडा दिसतो त्या खिडकीवर हिनं शिवलेलं एक छोटंसं झाकण होतं, इलॅस्टिक घातलेलं. आकडा बघून नाही, कानानं जुळवायचं म्हणून. झाकणाच्या कडेलाही तिनं दुमड घातली होती.

पहिले चार दिवस मी एकच चूक करत होतो. एक गाणं चालू, दुसरं हेडफोनमध्ये एका कानात. दोन्हींचे ठोके जुळवायचे, आठ-आठ मोजायचे, आणि 'एक'वर दुसऱ्याला सोडायचं. जुळवणं मला लवकर जमलं. कुठलं चाक किती पुढं आहे हे ऐकण्यातच माझं आयुष्य गेलंय. पण 'एक' आला की माझा हात आधी पहिल्या गाण्याची पट्टी खाली ओढायचा, आणि मगच दुसरी वर जायची. दर वेळी मध्ये भोक.

"बाबा, दोन्ही चालू ठेवायची."

"हो, हो."

पुन्हा भोक.

"बाबा, तुम्ही आधी बंद का करताय?"

मला स्वतःलाच कळत नव्हतं. मग पाचव्या दिवशी लिफ्टच्या कामावर असताना कळलं. लिफ्टचं दार पूर्ण बंद झाल्याशिवाय डबा हलता कामा नये. हे माझं पहिलं काम, रोजचं. दार उघडं आणि डबा चालू, म्हणजे माणूस मेला. चाळीस वर्षं माझ्या हातांनी हेच तपासलंय. त्या हातांना तुम्ही सांगताय की दार उघडं असताना हलव!

मी टकटकला सांगितलं. ती हसत सुटली, मग म्हणाली, "बाबा, इथं कुणी पडत नाही. इथं दार उघडं असतानाच डबा हलवायचा."

"आणि ही? तिला जमलं पहिल्यांदा?"

"त्यांचं उलटं होतं. त्यांना पहिलं गाणं काढवायचंच नाही. म्हणायच्या, 'राहू दे की अजून थोडं, काय घाई आहे.' सोळाच्या जागी चौसष्ट ठोके दोन्ही वाजत. मी ओरडायचे, आई, माया जास्त होतेय."

त्या दिवशी मी डोळे मिटून रडवी आणि झाडूवाली जोडली. सोळा ठोके दोन्ही सोबत चालल्या. मग रडवी गेली. कुणी पडलं नाही. टकटकनं नुसता चहा पुढं सरकवला. तिसऱ्या घोटाला माझ्या लक्षात आलं की साखर दोनदा घातलीय.

*

सत्तावीसला पाच वाजता आम्ही दुकानात जमलो. अंगणाऐवजी दुकान असं अक्कानंच सांगितलं. कपाटं गेली होती. भिंतीपाशी दोन मशीनं तेवढी होती. बोटीवरून धाकटा फोनवर होता. थोरल्यानं आपला फोन शर्टाच्या खिशात असा उभा ठेवला होता की धाकट्याला दिसावं.

पहिल्या दोन जोडण्या बऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी माझी मोजणी चुकली आणि दोन गाणी मिनिटभर एकमेकांशी भांडली.

"बाबा, हे असंच आहे का?" थोरल्यानं विचारलं.

"गप बस," अक्का म्हणाली. "पहिला कपडा असाच होतो."

थोड्या वेळानं तो टकटकजवळ जाऊन म्हणाला, "यात बटण कुठलं गं?"

"नाहीये, दादा."

"दिसतंय ते."

सातव्या गाण्याला अक्का उठली. एकटीच. कुणाकडे न बघता, कमरेवर एक हात ठेवून, दोन पावलं इकडे, दोन तिकडे. डाव्या बाजूला एका माणसाची जागा सोडून. मग थोरली सून उठली आणि त्या जागी न जाता अक्काच्या उजव्या बाजूला उभी राहिली. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. थोरलाही नाचला. तो कसा नाचला ते लिहीत नाही, त्याचे विद्यार्थी हे वाचतील.

मग आम्ही उतरलो. एकशे अठरा, एकशे बारा, एकशे सहा, शंभर. बारावं गाणं चालू झालं तशी अक्का धाप टाकत आपल्या मशीनवर बसली. मी वेगाची पट्टी हळूहळू खाली घेतली. शंभराचं अठ्ठ्याण्णव, शहाण्णव. अक्काचा पाय सुरू झाला. कधी जुळलं ते मला कळलं नाही. ऐकता ऐकता एकच वाजत होतं.

आता मला बारावं काढायचं होतं. आठ ठोके गेले, सोळा गेले. टकटकनं माझ्याकडे पाहिलं. माझं बोट पट्टीवर होतं. दार उघडं ठेवायला मी शिकलो होतो, पण ते बंद करायची वेळ आली तेव्हा हात हलेना. बत्तीस गेले. टकटकनं नजर अक्काकडे वळवली. गाणं आपलं आपण संपलं, आणि त्यानंतरही अक्काचा पाय चालू राहिला, तिला थांबावंसं वाटेपर्यंत.

मशीन थांबल्यावर ती म्हणाली, "किती ठेवलीस रे भाऊ?"

"मोजली नाही."

"मग लिहू नकोस अंदाजानं," ती म्हणाली, आणि मशीनवर कापड घातलं.

दोन्ही मशीनं आता अक्काच्या घरी आहेत. मी बुधवारी दुपारी तिकडे जातो, टकटक यंत्र घेऊन येते. वही माझ्याकडे आहे. तेराव्या ओळीत अक्काच्या पुढं चौऱ्याण्णव आहे. मायेच्या पुढची जागा भरायची राहिली आहे.